शेजारचे झाड

स्मृतिबागेतल्या झाडांवरून काढून नेलेल्या सगळ्या पाट्या नव्याने रंगवून परत आल्या, त्या दिवशी बाग खात्याचे हेडक्लार्क नियमराव खुर्चीतून उठून व्हरांड्यात आले. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरे, एका उंचीची, एका वळणाची. वर अर्जाचा क्रमांक, खाली गेलेल्या माणसाचे नाव. चारशेच्या वर पाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. नियमरावांनी त्यातली एक शोधून उचलली, रुमालाने पुसली आणि जिथून उचलली तिथेच ठेवली. ती त्यांच्या बायकोची होती.

"झकास झाल्यात," ते माळीबुवांना म्हणाले. "आता लावून टाका."

माळीबुवांनी डोके खाजवले. "लावतो की. कुठली कुठल्या झाडाला, तेवढं सांगा."

"नकाशात बघून सांगतो. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे," असे म्हणून नियमराव आत गेले. इथून पुढे त्यांच्या आयुष्याची घडी जी विसकटली, ती काही केल्या बसेना.

नियमराव हे त्यांचे खरे नाव नव्हे, हे वेगळे सांगायला नको. ऑफिसात सगळे पाठीमागे त्यांना असेच म्हणत, आणि हे नाव पडले ते त्यांच्या बायकोमुळे. एकदा तिने ऑफिसात फोन केला. तो नेमका माळीबुवांनी उचलला, आणि ती घरच्या सवयीने बोलून गेली, "नियमराव आहेत का जागेवर?" झाले. दुपारच्या चहापर्यंत नाव खातेभर झाले. संध्याकाळी नियमराव घरी जाऊन फुरंगटून बसले, तर ती पोट धरून हसत सुटली. आता तिला जाऊन तीन वर्षे होत आली होती. कुणी मागून "नियमराव" म्हणाले की ते रागावल्यासारखे करत, पण मनातून त्यांना बरे वाटे. घरात आता त्यांना कुठल्याच नावाने हाक मारणारे कुणी नव्हते.

स्मृतिबाग म्हणजे वस्तीबाहेरचे एक मोकळे मैदान. आपले माणूस गेले की तिथे त्याच्या नावाने एक झाड लावायचे, अशी नगरपालिकेची योजना. योजना साहेबांची, नियम मात्र सगळे नियमरावांचे. झाडे एकाच जातीची, सारख्या अंतरावर, सरळ रांगांत. झाडाला काही बांधायचे नाही, फांदीला काही टांगायचे नाही. पाणी प्रत्येकाने फक्त आपल्याच झाडाला घालायचे, कारण सुरुवातीला लोक मायेच्या भरात रांगच्या रांग भिजवून रोपे कुजवू लागले होते. आणि पंपाजवळची किंवा वाटेवरची जागा मिळावी म्हणून कुणी वशिला लावू नये, यासाठी कुठल्या अर्जाला कुठले झाड हे माणसाने ठरवायचेच नाही, कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. त्याकरता एका कंपनीकडून खास प्रोग्राम घेतला होता. पहिल्या अर्जाचे झाड शेवटच्या रांगेत आणि तीनशेव्या अर्जाचे फाटकाशी, असा तो कारभार. इतका निर्दोष, की त्यात माणसाने लक्षात ठेवावे असे काही उरलेच नव्हते.

पाट्या रंगाऱ्याकडे गेलेल्या असतानाच वरून ते परिपत्रक आले होते. सर्व सरकारी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रे यापुढे खुल्या फॉरमॅटमध्येच ठेवावीत. जुन्या फायलींचे महिनाअखेर रूपांतर करावे, जुने प्रोग्राम काढून टाकावेत, तसा अहवाल पाठवावा. नियमरावांनी ते वाचले आणि कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना बोलावून घेतले. या बाईंना सगळे कॉम्प्युटरबाईच म्हणत, आणि त्या वयाने लहान असल्या तरी नियमराव त्यांना अहोजाहो करत.

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

"असं बघा, आपला बागेचा नकाशा फक्त त्या कंपनीच्या प्रोग्राममध्येच उघडतो. कागद आपला, कपाट आपलं, पण किल्ली त्यांच्या खिशात. उद्या ती कंपनी बुडाली तर आपण बसलो दाराबाहेर. म्हणून सरकार म्हणतंय, फाईल अशी ठेवा की कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही प्रोग्रामनं, कुणालाही उघडता यावी. पन्नास वर्षांनीसुद्धा."

नियमरावांनी परिपत्रक पुन्हा हातात घेतले. इतका शहाणा नियम त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. "मग महिनाअखेर कशाला? आजच करू."

बाईंनी फाईलचे रूपांतर केले. "एकदा नीट तपासून घेते, मग जुना प्रोग्राम काढू," त्या म्हणाल्या. पण नियमरावांना धीर कुठला. त्यांनी स्वतःच नवी फाईल उघडली आणि त्यात बायकोचे नाव शोधले. ते सापडले. पूर्ण नाव, एकही चूक नाही. ते त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे सगळं." संध्याकाळच्या आत जुना प्रोग्राम गेला, अहवालही गेला. साऱ्या नगरपालिकेत पहिला अहवाल बाग खात्याचा, म्हणून वरून कौतुकाचे पत्र आले. साहेबांनी ते काचेखाली लावले.

आणि आता माळीबुवा दारात हातोडी घेऊन उभे होते, आणि नियमराव त्याच फाईलकडे बघत होते. नावे सगळी होती. क्रमांक होते. गेल्याच्या तारखा होत्या. झाडाच्या जागेच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा, शून्य.

"हे काय हो?" त्यांनी कॉम्प्युटरबाईंना विचारले.

बाईंचा चेहरा उतरला. "जागा जुन्या फाईलमध्येच राहिल्या, त्या फक्त त्या प्रोग्रामलाच वाचता येतात. नव्या फाईलमध्ये त्या आल्याच नाहीत. म्हणून तर म्हणत होते, तपासून घेऊ."

"म्हणजे आता सगळी झाडं...?"

"या फाईलप्रमाणे एकाच जागी आहेत."

"चारशे झाडं एका खड्ड्यात?" माळीबुवा दारातून म्हणाले. "मग पाट्या पण एकाच खिळ्याला अडकवू का?"

प्रोग्राम परत घालायचा तर कंपनीला फोन करून परवानगीचा आकडा घ्यावा लागे. नियमरावांनी फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला, "दातांचा दवाखाना. बोला."

नियमरावांनी कंपनीचे नाव सांगितले.

"ती कंपनी बंद झाली. हा नंबर आता आमच्याकडे आहे," आवाज म्हणाला. "तुम्ही पण सरकारी ऑफिसातूनच बोलताय ना? या आठवड्यात बरेच जण झाले. सगळ्यांचं काही ना काही उघडत नाहीये."

"मग तुम्ही त्यांना काय सांगता?"

"काय सांगणार? दात दाखवायचे असतील तर या म्हणते. दोघं येऊन पण गेले."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. बागेत बिनपाटीची झाडे बघून लोक ऑफिसात येऊ लागले. नियमराव प्रत्येकाला "दोन दिवसांत होईल" म्हणत. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावले.

"अहो, एवढं काय डोक्याला लावून घेताय? रविवारी लोकांना बागेत बोलवा. आपल्या माणसाचं झाड माणूस ओळखतोच. त्यांनी बोट दाखवायचं, माळीबुवांनी पाटी ठोकायची. संपलं."

साहेबांचा जीव फार साधा होता. त्यांच्या घरातले अजून कुणी बागेत आलेले नव्हते.

रविवारी सकाळी बाग माणसांनी भरून गेली. अर्ध्या तासातच नियमरावांच्या लक्षात आले की प्रत्येकजण बागेतल्या उंच, हिरव्यागार, डेरेदार झाडांकडेच चालला आहे. फाटकाजवळच्या सगळ्यांत देखण्या झाडाशी एक निवृत्त हेडमास्तर आणि एक सोनाराची बायको हमरीतुमरीवर आले होते.

"हे आमच्या ह्यांचं," सोनारीणबाई म्हणत होत्या. "आमचे हे चांगले सहा फूट होते."

"बाई, झाडाची उंची माणसावर जात नाही," हेडमास्तर म्हणाले. "तसं असतं तर माझी आई या झाडाच्या बुंध्याएवढी पण नव्हती. तरी हे तिचंच आहे. मी दर महिन्याला येतो."

"मग मी काय फिरायला येते?"

दुपारपर्यंत एकेका चांगल्या झाडाला तीन-तीन घरे चिकटली. वाकडी, खुरटी, वाळकी झाडे होती त्यांच्याजवळ चिटपाखरू नव्हते. माळीबुवा हातातल्या पाट्यांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "मरतुकडी झाडं कुणाच्याच घरातली नाहीत वाटतं."

कुणी खोटे बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. माणूस झाडापाशी येतो, थोडा रडतो, आणि घरी जाताना मनात झाड वाढवत जातो. पाटी असते तोवर ती त्याला दर खेपेला जमिनीवर आणते. पाटी गेली, आणि ज्याच्या त्याच्या मनातले झाड बागेतल्या सगळ्यांत मोठ्या झाडाला जाऊन बसले.

नियमरावांचे मात्र तसे नव्हते. ते दर रविवारी येत. पंपासमोरच्या रांगेत शेवटून दुसरे झाड, डोळ्यांवर पट्टी बांधली तरी त्यांनी जाऊन हात लावला असता. तीन वर्षांत त्यांनी एक रविवार चुकवला नव्हता, तापातही नाही. झाड त्यांच्या डोक्यावर गेले होते, आणि दोन माणसे बसतील एवढी सावली देऊ लागले होते. नियमराव तिथे बसत आणि आठवडाभरात काय झाले ते सांगत. परिपत्रकाचेही त्यांनी सांगितले होते. बायकोची पाटी आज त्यांनी स्वतःच्या काखेत धरली होती, पण ती लावायची घाई केली नव्हती. आपण खात्यातली माणसे, आधी लोकांचे होऊ दे, असा त्यांचा विचार. लोकांचे काही आटपेना, तेव्हा ते चालत पंपाकडे गेले.

त्यांच्या झाडाखाली बेकरीवाली बसली होती.

तिला ते ओळखत होते. बाजारातल्या बेकरीत ती भट्टीवर काम करी. तिची मुलगी, सात वर्षांची, नियमरावांच्या बायकोच्याच आठवड्यात गेली. दोन्ही रोपे एकाच दिवशी शेजारी शेजारी लावली गेली. त्या दिवशी बेकरीवालीने मुलीच्या वेणीची लाल रिबीन रोपाला बांधली होती, आणि नियमरावांनी स्वतःचे डोळे पुसत पुसत तिला सांगितले होते, "बाई, काही बांधायचं नाही, नियम आहे." तिने गाठ सोडली होती. मग वर्षभराच्या वर ती पहाटेचे काम उरकून येत राहिली. पुढे भट्टीवर भाजली, आणि भाऊ तिला त्याच्या गावी घेऊन गेला. ती दीड वर्ष फिरकली नव्हती. त्या दीड वर्षात रांगेतले शेवटचे झाड, तिच्या मुलीचे झाड, वाळत गेले. नियमरावांनी ते वाळताना पाहिले होते. ज्याने त्याने आपल्याच झाडाला पाणी घालायचे, हा नियम त्यांचाच. एकदा त्यांनी झारी त्या बाजूला वळवली होती, आणि मग इकडे तिकडे बघून परत घेतली होती. माळीबुवांना सांगू, असे म्हणाले, आणि सांगितलेही. फक्त तोवर उशीर झाला होता.

"साहेब, बघा की," बेकरीवाली त्यांना बघून उठायला लागली. तिच्या एका हाताची कातडी कोपरापर्यंत आक्रसली होती. "मी तर घाबरत घाबरतच आले. म्हटलं, आपण इतके दिवस आलो नाही, पाणी नाही, वाळून गेली असेल माझी पिलू. तर ही कुठच्या कुठं गेलीय. माझ्या हाताला शेंडा पण लागत नाही."

नियमरावांनी काखेतली पाटी पाठीमागे धरली.

"हीच ना हो?" ती म्हणाली. "आपली दोघांची शेजारी शेजारी होती. म्हणजे ते तुमचं." तिने पलीकडच्या वाळक्या काटकीकडे पाहिले, आणि तिचा चेहरा एकदम पडला. "अरेरे, गेलं की हो ते. तुम्ही तरी काय कराल, नोकरीतली माणसं. वेळ कुठला मिळणार."

एवढे बोलून ती त्यांच्याकडे अशा कळवळ्याने बघू लागली की नियमरावांना काय करावे ते कळेना. बाई, तुम्ही बसलात ते माझ्या बायकोचे झाड आहे, एवढेच वाक्य होते. ते खरे होते आणि त्यांच्या जिभेवर होते. पण तोंडातून आले ते वेगळेच.

"अजून काही नक्की नाही. नकाशा बघून सांगू."

बेकरीवालीचा हात झाडावर होता तो तिथेच राहिला. "म्हणजे? ही तिची नाही?"

"नकाशा बघून," नियमराव पुन्हा म्हणाले, आणि पाटी घेऊन भराभरा निघाले. वाटेत हेडमास्तरांनी त्यांना अडवून काहीतरी विचारले. ते त्यांना ऐकूसुद्धा आले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होते, नकाशा न मिळाला तर बरे.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर तक्रारींचा ढीग पडला. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत नकाशा पैदा करा. नाहीतर मी पुन्हा चिठ्ठ्या टाकतो. ज्याला जे निघेल ते त्याचं."

चिठ्ठ्या टाकल्या तर हेडमास्तरांच्या आईच्या झाडाखाली भलतेच कोणी रडत बसणार. नियमरावांना ते पटणे शक्य नव्हते. तेवढ्यात कॉम्प्युटरबाईंनी माहिती काढली. शेजारच्या गावच्या नगरपालिकेनेही बागेसाठी तोच प्रोग्राम घेतला होता, आणि त्यांनी तो अजून काढला नव्हता.

"का काढला नाही?"

"त्यांनी परिपत्रक अजून वाचलंच नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्ही आपली जुनी फाईल घेऊन जा. जागा तिथून आपोआप निघायच्या नाहीत, पडद्यावर बघून हातानं टाईप कराव्या लागतील. साधी सारणी करा, खुल्या फॉरमॅटमध्ये. मी शिकवते."

नियमराव सकाळच्या पहिल्या बसने शेजारच्या गावी गेले. तिथला कारकून गलेलठ्ठ आणि प्रेमळ होता. त्याच्या टेबलावर कागदांचा एवढा डोंगर होता की मागे तो बसला आहे हे चहावाल्यालाच ठाऊक असावे.

"परिपत्रक ना? आलं असेल की," तो डोंगराकडे बोट दाखवत म्हणाला. "एखाद्या दिवशी सापडेल. तुम्ही चहा घ्या आधी."

नियमरावांना अशा माणसांची चीड होती. आज मात्र त्यांनी मुकाट्याने चहा घेतला. फाईल घातली, आणि ती उघडली. पडद्यावर सगळी बाग आली, रांगांमागून रांगा, प्रत्येक ठिपक्यावर क्रमांक. ते टाईप करायला बसले. फाटकाजवळचे ते देखणे झाड सोनारीणबाईंच्या ह्यांचे नव्हते आणि हेडमास्तरांच्या आईचेही नव्हते. ते होते एका म्हाताऱ्या पोस्टमनचे, ज्याचे कुणी रविवारी आलेच नव्हते. हेडमास्तरांच्या आईचे झाड मागच्या रांगेत, खुरटे. नियमरावांनी जसे होते तसे सगळे टाईप केले.

दुपार कलल्यावर पंपासमोरची रांग आली. शेवटून दुसऱ्या ठिपक्यावर त्यांच्या बायकोचा क्रमांक होता. शेवटच्यावर त्या मुलीचा. त्यात शंका नव्हतीच, तरी तो आकडा पडद्यावर पाहून त्यांना बरे वाटले. आपले आपल्यापाशी आहे, असे वाटले. मग त्यांची बोटे थांबली.

असे टाईप केले की माळीबुवा पाटी ठोकणार, आणि रविवारी भाजल्या हाताची ती बाई येऊन पाटी वाचणार. मुलगी एकदा गेलीच होती. ती पुन्हा एकदा जाणार, आणि या खेपेला नियमरावांच्या हातून. सबंध नोकरीत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. एकदा तर स्वतः उशिरा आले म्हणून स्वतःलाच लेखी ताकीद दिली होती, आणि ती वाचून बायको इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता. तिची आठवण झाली तसे त्यांचे डोळे भरून आले. गावातले एक झाड तेवढे उरले होते ज्याच्याशी ते बोलत.

"जड जातंय का हो?" कारकून डोंगरामागून म्हणाला. "अजून एक चहा सांगू?"

"नको," नियमराव म्हणाले. त्यांनी शेवटून दुसऱ्या झाडापुढे मुलीचा क्रमांक टाकला आणि शेवटच्या झाडापुढे बायकोचा. मग पुढची रांग घेतली.

टाईप करून संपले तेव्हा कारकुनाला उगाच उत्साह आला. "चला, मी वाचतो, तुम्ही पडताळून घ्या. एवढी मेहनत केलीत."

"गरज नाही," नियमराव म्हणाले. पडताळणीची गरज नाही, हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारले. वर त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "तुमचं मात्र बरं नाही हं असं. ते परिपत्रक शोधा. तुमच्या बागेच्या जागा मी बसून टाईप करून देतो, पण हा जुना प्रोग्राम आजच्या आज काढून टाका. सरकारचा आदेश आहे."

कारकून भारावून गेला. असा देवमाणूस त्याच्या ऑफिसात कधी आला नव्हता. त्याची बाग लहानशी होती, तासाभरात तीही टाईप झाली. ऑफिस सुटायच्या आत पंचक्रोशीतला तो शेवटचा प्रोग्राम गेला. अहवालाचा मसुदाही नियमरावांनीच लिहून दिला.

नकाशा नगरपालिकेने सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला त्याला आपल्या फोनवर उघडता येऊ लागला, आणि भांडणे मिटली. हेडमास्तर खुरट्या झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आई बुटकीच होती," आणि पाणी आणायला गेले. पाट्या लागल्या. नियमराव रविवारी जात, रांगेच्या टोकाला उभे राहत आणि वाळक्या काटकीच्या आळ्यात झारी रिकामी करत. बोलत मात्र काही नसत. बेकरीवाली शेजारीच असे, तिच्यासमोर कसे बोलणार.

बायकोला जाऊन तीन वर्षे झाली त्या दिवशी मेव्हणी आली. आपल्या ताईचे लग्न माणसाशी नव्हे, ऑफिसशी लावून दिले, असे तिचे मत होते, आणि ते तिने कधी लपवले नव्हते. "मला ताईचं झाड बघायचंय," ती आल्याआल्या म्हणाली. नियमराव तिला बागेत घेऊन गेले.

मेव्हणीने पाटी वाचली. मग काटकीकडे पाहिले.

"भाऊजी, हे?"

"हो."

"काहीतरी चुकलंय. पाट्यांचा घोळ झाला होता ना तुमच्याकडे?" तिने घाईघाईने फोन काढला आणि नकाशा उघडला. तो चटकन उघडला. तिने रांग मोजली, क्रमांक पाहिला, पुन्हा मोजली. मग तिने फोन पर्समध्ये टाकला. "तीन वर्षांत साधं पाणी घालायला नाही जमलं तुम्हाला? ती तुमच्या जेवणासाठी रात्री किती वाजेपर्यंत उपाशी बसायची, माहितीय ना? एवढं एक झाड होतं हो तिचं."

नियमरावांनी मान खाली घातली. "राहून गेलं," ते म्हणाले.

"राहून गेलं," मेव्हणी म्हणाली, आणि तोंडावर रुमाल धरून रडू लागली. नियमरावांनाही रडू आले. इतक्या वर्षांत ती दोघे कधी एका गोष्टीवर रडली नव्हती.

शेजारच्या झाडाखालून बेकरीवाली हे सगळे बघत होती. ती उठून जवळ आली. "बाई, नका बोलू त्यांना," ती हळूच म्हणाली. "दर रविवारी येतात ते. मी बघते ना. एखादं नाही धरत जीव, त्याला कोण काय करणार." मग ती नियमरावांकडे वळली. ते उन्हात उभे होते आणि घामाने डबडबले होते. त्या काटकीची सावली त्यांच्या चपलेवरही पुरत नव्हती.

"साहेब, असे उन्हात किती वेळ उभे राहणार?" ती म्हणाली. "या इकडं. आमच्या पिलूच्या सावलीत बसा थोडं. ती काही नाही म्हणायची नाही."

नियमरावांनी तिच्याकडे पाहिले आणि त्या हिरव्या झाडाकडे पाहिले.

"चालेल ना?" त्यांनी विचारले.

"अहो, बसा की."

मग ते चपला बाजूला काढून, परक्या घरी बसावे तसे, अंग चोरून कडेला बसले.